मधली फळी

डाव्या बाजूच्या खालच्या ओळीतला सतरावा रिव्हेट ओला झाला, तसं कोंडीरामने मार्करचं टोपण दातात धरून त्याच्याभोवती गोल काढला. बोट लाकडाच्या चार ठोकळ्यांवर बसवलेली होती आणि तिच्या पोटात वीतभर पाणी भरलेलं होतं. बाहेरचं पाणी आत येतं का हे बघायला समुद्रात जावं लागतं. आतलं पाणी बाहेर येतं का हे मुंबई बंदराजवळच्या दारूखान्यातल्या भंगाराच्या प्लॉटवरही बघता येतं. तो बोटीखाली उताणा पडला होता आणि थेंब नेमके त्याच्या कपाळावर पडत होते.

"किती झाले?" वरून हितेंद्रने विचारलं.

"एकोणीस."

"गेल्या रविवारी बावीस होते. ह्याच स्पीडने चाललो तर माझ्या नातवाची वरात हिच्यातून काढू आपण."

"आधी पोराचं लग्न तर लाव."

"ते त्याच्या हातात आहे, माझ्या नाही," हितेंद्र म्हणाला आणि पाण्यात हात घालून शेवाळाचा एक पापुद्रा काढून त्याने लांब भिरकावला.

दोघांनी माझगावच्या एका जहाज दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं काढली होती. कोंडीराम गमरे प्लेट फिटर, हितेंद्र सावंत इंजिनवाला. एवढ्या वर्षांत हाताखालून किती बोटी गेल्या याची गणती नाही. पण एकीत बसून कुठे जायचं म्हणून दोघांपैकी कुणी गेला असेल तर शपथ. रिटायर झाल्यावर माणूस कुलू-मनाली करतो. कोंडीरामने चौदा फुटी ॲल्युमिनियमची बोट घेतली, तीही भंगारवाल्या शेठकडून, किलोच्या भावाने. कुठल्या तरी जहाजाबरोबर ती तोडायला आली होती. तळाला पोचे, रिव्हेट सैल, आणि इंजिन टांगायची मागची फळी इतकी कुजलेली की बोट लावलं तर भुसा हातात यायचा. शेठने तिला प्लॉटच्या कोपऱ्यात जागा दिली आणि वर हसून घेतलं.

खर्चाची मर्यादा बकुळाने, म्हणजे कोंडीरामच्या बायकोने, घालून दिली होती. बाजूला काढून ठेवलेत तेवढेच, पेन्शनला हात लावायचा नाही. त्यामुळे इंजिन वरळीहून जुनं घेतलं, आठ हॉर्सपॉवरचं, आणि हितेंद्रने ते घरी सोसायटीच्या जिन्याखाली उघडून परत जोडलं. त्यावरून सेक्रेटरीशी त्याचं वाजलं ते वेगळंच. लाकडाचा प्रश्न नायगावच्या चाळीने सोडवला. बीडीडीतली खोली पाडण्याआधी कोंडीरामने तिचं सागवानी दार बिजागऱ्यांसकट काढून आणलं होतं. त्या दारातून इंजिनाची फळी निघाली, आणि मधली बसायची फळी निघाली. पुढची आणि मागची बैठक मूळचीच, पत्र्याची, ठोकून सरळ केलेली.

एकदाच दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. लाकडी होड्यांच्या तळाला लावतात तो तांबूस रंग हितेंद्रने कुणाकडून तरी फुकट आणला.

"ह्यात तांबं असतं," कोंडीराम डब्याचं झाकण वाचून म्हणाला. "खाऱ्या पाण्यात तांबं ॲल्युमिनियमला खातं. वर्षात चाळण होईल."

"फुकट मिळालाय रे."

"फुकट मिळालं म्हणून विष पिशील काय?"

हितेंद्र तो डबा घेऊन तणतणत गेला आणि पुढचा रविवार आलाच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला तो बायकोने, मालनने, दिलेली घावन-चटणी घेऊन. विषय संपला.

आज पाणी काढून टाकल्यावर दोघं रिव्हेट ठोकायला बसले. हितेंद्र आत, रिव्हेटच्या शेपटीला लोखंडी ठोकळा दाबून. कोंडीराम बाहेर, हातोडा घेऊन. पाच-सहा झाल्यावर हितेंद्र थांबला.

"कोंड्या, एक सांग. तुमच्या गावच्या खाडीवर पूल झालाय म्हणालास ना? एसटी जाते त्यावरून. मग ही घेऊन तू तिकडे करणार काय? मासे तुला बाजारातले पण ओळखता येत नाहीत."

"आईला बसवणार."

"बसवणार म्हणजे?"

"मधल्या फळीवर बसवणार आणि खाडीतून एक चक्कर मारणार. बस."

हितेंद्रने ठोकळा खाली ठेवला. कोंडीरामने हातोडा ठेवला नाही, पण मारलाही नाही.

"आमच्यावेळी पूल नव्हता. होडी होती. होडीवाला आधी गावची माणसं घ्यायचा, मग त्यांच्या टोपल्या, बकऱ्या. आमची बौद्धवाडी शेवटच्या खेपेला. तोवर ओहोटी लागली तर खेपच नाही. आई मोळी डोक्यावर घेऊन उभी राहायची. मोळी खाली ठेवली तर वाटेत आली म्हणून शिव्या. चौथीला माझी स्कॉलरशिपची परीक्षा होती पलीकडच्या शाळेत. त्या दिवशी आईने हात जोडले त्याला. नाही घेतलं. मग आम्ही वळसा घालून चालत गेलो, सात मैल. पोचलो तेव्हा पोरं पेपर देऊन बाहेर येत होती." त्याने हातोड्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवला. "परीक्षेचं जाऊ दे. तिने हात जोडले ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एकदा तिला सगळ्यांच्या आधी बोटीत बसलेली बघायचीय मला. स्वतःच्या बोटीत."

बाजूच्या प्लॉटवर कुणीतरी गॅस कटरने पत्रा कापत होतं.

"आमच्या गावी पण असेल असंच," हितेंद्र म्हणाला. "मी लहान होतो. मी कधी बघितलं नाही."

"बघितलं असशील. लक्षात राहिलं नसेल."

हितेंद्रने ठोकळा उचलला, पुढच्या रिव्हेटला लावला आणि म्हणाला, "मार."

फेब्रुवारीत डॉक्टरांनी आईला तपासलं आणि गावचा प्रवास बंद केला. चौऱ्याऐंशी वय, हृदय दमलेलं. आठ तास गाडी आणि घाट, नावच काढू नका म्हणाले. कोंडीराम चाळीच्या बदल्यात मिळालेल्या संक्रमण शिबिरातल्या खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. आई पलंगावर लसूण सोलत होती. तिला त्याचं काही दुःख झालेलं दिसलं नाही.

"गाव काय पळून चाललाय?" ती म्हणाली.

"बोट तुझ्यासाठी केली ना मी."

"मी कुठं सांगितलेली?"

बकुळाने त्याच्यापुढे चहा ठेवला. "पाणी इथे नाही का?" ती म्हणाली. "दारूखान्याच्या मागे काय आहे मग? त्यांना तिथेच बसवा. बोट नंतर पुतण्या घेऊन जाईल गावाला."

तो चहा न पिता उठला आणि भरतीच्या वेळा बघायला लागला. शेठला महिनाअखेर कोपरा रिकामा हवा होता. त्याआधी दुपारची मोठी भरती आणि रविवार जुळून येणारा दिवस एकच होता.

त्या रविवारी साडेबाराला भरती होती. आईला टॅक्सीने आणलं. शेठने आपल्या ऑफिसातली प्लास्टिकची खुर्ची पाण्याजवळ नेऊन ठेवली, वर स्वतःची छत्रीही दिली. प्लॉटमागच्या उतारावर विटांचे तुकडे आणि चिखल, पाण्यावर तेलाचा तवंग. लोखंडी पाइपांवरून ढकलत बोट खाली आणली तेव्हा प्लॉटवरची चार माणसं आपण होऊन हात लावायला आली. हितेंद्रच्या पिशवीत नारळ होता.

"मालनने दिलाय. तुम्ही मानत नसाल तर राहू दे," तो बकुळाला म्हणाला.

"फोडा हो. संध्याकाळी चटणी होईल," बकुळा म्हणाली.

नारळ फुटला. बोट तरंगली. कोंडीरामने मधली फळी कोरड्या फडक्याने पुसली, मग ओल्या, मग परत कोरड्या. आणि आईला घालायचं नारिंगी जॅकेट उलगडून तो उतार चढायला लागला.

"थांब," हितेंद्र म्हणाला. "पहिली फेरी रिकामी."

"पहिली आई."

"डोकं फिरलंय काय तुझं? बत्तीस वर्षांत एकदा तरी आपण चाचणीच्या आधी माणूस बसवलाय? इंजिन मध्येच बंद पडलं तर? रिव्हेट सुटला तर? म्हातारीला पोहता येतं का?"

"मी आहे ना."

"तुला तरी येतं का?"

हितेंद्रचं खरं होतं, आणि ते खरं आहे हे कोंडीरामला हितेंद्रपेक्षा जास्त कळत होतं. तरी तो जॅकेट हातात घेऊन तसाच उभा राहिला. आठ महिने झोपेतसुद्धा त्याने हीच गोष्ट घोकली होती: पहिली आई.

"आई, तू आज थांबायचं नाहीस," तो म्हणाला.

"का? माझे काय पाय दुखतायत? खुर्ची हाय," आई म्हणाली. "हितेंद्रा, रिकामी फिरवून बघायची असते ना?"

"हो आई."

"मग फिरवा. मी कुठं जात नाय."

दोरी चौथ्यांदा ओढल्यावर इंजिन सुरू झालं. हितेंद्र मागच्या बैठकीवर बसला, सुकाणू हातात. कोंडीराम तळात उकिडवा बसला, डाव्या बाजूच्या खालच्या ओळीवर तळहात टेकवून. बोट काठापासून सुटली. पोचे काढलेल्या जागी पत्रा थरथरत होता पण धरून होता. सतरावा कोरडा. एकविसाव्यापाशी पाण्याची बारीक रेघ होती, ती त्याने बोटाने पुसली, ती परत आली. एवढं चालेल. याहून वाईट बोटी त्यांनी पास केल्या होत्या.

"चालतेय रे!" हितेंद्र ओरडला. "मख्खन चालतेय!"

कोंडीरामने मान वर करून काठाकडे बघितलं. आई खुर्चीतून उठून पाण्याच्या अगदी कडेला आली होती. चपला काढलेल्या, एक हात कपाळावर. बोट पाण्यात आणि आई काठावर. आठ महिने राबून आपण हेच केलं, तिला परत काठावर उभी केली आणि स्वतः निघून आलो. त्याला रडू फुटलं आणि ते त्याने लपवलंही नाही.

"फिरव."

"अरे, जरा पुढपर्यंत—"

"फिरव म्हणतो ना!"

हितेंद्रने मुकाट्याने बोट वळवली. काठाला लागायच्या आधीच कोंडीरामने चिखलात उडी मारली, गुडघ्यापर्यंत रुतला, तसाच वर आला.

"चल आई. झाली चाचणी. आता तू."

बकुळाने जॅकेट पुढे केलं. आईने ते घेतलं नाही. ती त्याच्याकडे बघत होती, तो लहानपणी खोटं बोलायचा तेव्हा बघायची तशी.

"खाली कशाला बसलेलास?"

"कुठे?"

"बोटीत. फळी रिकामी सोडून खाली कशाला बसलेलास?"

"रिव्हेट बघत होतो, आई. पाणी येतं का ते."

"ते तुला ठाव. मला इथनं काय दिसलं सांगू? हितेंद्र वर बसलाय आणि माझा पोर खाली, मान घालून. होडीत चढवलं तरी आपल्याला तिथंच बसवायचे. पाणी साचतं तिथं."

हितेंद्रने इंजिन बंद केलं.

"फळी तुझ्यासाठी ठेवली होती," कोंडीराम म्हणाला.

"मी बसले तर मला काय दिसणार? पाणीच ना? पाणी मी जन्मभर बघितलंय." तिने पदराने त्याच्या गालावरचा चिखल पुसला, जरा जोरातच. "मला तू दिसला पायजेस. परीक्षेच्या दिवशी होडीवाल्याला मी काय म्हटलेलं, ऐकलेलंस तू? मला राहू दे, पोराला एकट्याला ने, असं म्हटलेलं."

त्याने ते ऐकलं नव्हतं. त्याला फक्त जोडलेले हात दिसले होते.

"हितेंद्रा, पाणी हाय ना अजून?" आईने विचारलं.

"आहे आई. अर्धा-पाऊण तास आहे."

"मग ह्याला परत ने. लांबवर ने."

कोंडीराम बोटीत चढला. हितेंद्रने दोरी ओढली. बोट सुटली तसा त्याचा हात आपोआप खालच्या ओळीकडे गेला आणि तो वाकला.

"वर!" काठावरून आई ओरडली. डॉक्टरांनी तिला जोरात बोलायलाही मना केलं होतं.

तो मधल्या फळीवर बसला. गुडघे जुळवून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, काठाकडे तोंड करून बसला. एकविसाव्या रिव्हेटमधून पाणी आत येत होतं, ते त्याने येऊ दिलं.