अर्धपोटी माशी

रमाकांतने म्हशीच्या मानेवर सटकन हात मारला आणि चिरडलेली गोमाशी चिमटीत धरून केसरबाईच्या नाकासमोर नेली.

"ही बघा. तुमच्या म्हशी हिने मारल्या. माझ्या लशीने नव्हे."

केसरबाईने आधी माशीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. गोठ्यात तीन दावी होती आणि एकच म्हैस.

रमाकांत सकाळपासून धुमसत होता. सकाळपासून कसला, गेले पंधरा दिवस. सिल्वासाच्या जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून त्याची अकरा वर्षं नोकरी झाली होती. कणकवलीकडचा माणूस, पण सायकलवरून अथाल, नरोली, सुरंगी पालथं घातलेला, अडलेल्या म्हशीसाठी भरल्या ताटावरून उठलेला. आणि या नरोलीकरांनी त्याच्याविरुद्ध अर्ज केला होता. वैशाखात घटसर्पाची लस टोचली आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांत सहा म्हशी दगावल्या, असा अर्ज. खाली अंगठ्यांची रांग. परवा तर अथालला त्याची सायकल दिसताच लोकांनी म्हशी रानात पिटाळल्या. जनावरं वाचवायला गेलेल्या माणसाला बघून! असली माणसं कुठे पाहिली नाहीत, असं तो बायकोला तीनदा म्हणाला होता.

म्हशींच्या रक्ताच्या तपासणीत सर्रा या रोगाचे जंतू सापडले तेव्हा त्याला बरं वाटलं, हे सांगायलाच हवं. सर्रा पसरवते ती माशी. लशीचा त्यात संबंध नाही. त्याच तोऱ्यात तो आज सकाळी आधी कोंडाबाईच्या आवारात गेला. पहिली म्हैस त्या म्हातारीची मेली होती. तिच्या गोठ्यामागे चिखल, आणि गोमाशी अंडी घालते ती असल्या ओल्या जागीच. चार शेजारी ऐकत असताना त्याने तिला फैलावर घेतलं. तुझ्या घाणीपायी गावाच्या म्हशी गेल्या, असंही म्हणाला. कोंडाबाई डोक्यावरचा पदर नुसता सारखा करत राहिली.

आता केसरबाईची पाळी होती. ही साक्रीकडची. नवरा कारभारी धाग्याच्या कंपनीत कामाला, आणि ही भाड्याच्या जागेत म्हशी पाळून कंपनीतल्या पोरांना खोल्याखोल्यांवर दूध घाले. अर्ज तिच्या पुढाकाराने गेला होता. तिने मागे घेतला की बाकीचे घेतील, म्हणून डॉक्टरांनी रमाकांतजवळ कागद देऊन ठेवला होता. म्हशी माशीमुळे आजारी पडल्या, लशीबद्दल आमची तक्रार नाही, असा मजकूर.

रमाकांत बाजेवर बसला आणि समजावू लागला. समजावणं त्याला छान जमायचं. गोमाशी डासासारखी हळूच टोचत नाही, कातडी कापते आणि वर आलेलं रक्त पिते. चावते ती फक्त मादी. म्हशीला कळ लागते, ती शेपूट हाणते, अंग थरारवते, आणि माशीला पोट भरायच्या आत उठावं लागतं. अर्धपोटी माशी लांब कशाला जाईल? ती शेजारच्या म्हशीवर बसते आणि पुन्हा कापते. तोंडाला पहिलीचं रक्त असतं, त्यातले जंतू दुसरीच्या अंगात जातात.

"मंग माशीले नाही होत आजार?" केसरबाईने विचारलं. साहेबाशी ती जपून बोले, तरी मधूनच साक्रीकडचं बोलणं तोंडात येई.

"नाही. माशी नुसती हमाल. इकडचं ओझं तिकडे. तेसुद्धा रक्त ओलं आहे तोवरच, वाळलं की जंतू मेले. म्हणून जनावरं जवळजवळ बांधलेली असली की घात होतो."

तिने मान हलवली. तिला पटत होतं, आणि ते बघून रमाकांतचा राग उतरत चालला होता. नीट सांगितलं की कळतं लोकांना, असं त्याला वाटलं.

"म्हणजे रगत ओलं पाहिजे, आन लगेच दुसरीले टोचलं पाहिजे."

"बरोबर."

"सुई बी तशीच ना, साहेब? एकीतून काढली, दुसरीले लावली."

आवाजात खोच नव्हती. ऐकलेलं नीट समजलं की नाही, एवढंच ती पडताळत होती.

"सुई उकळलेली असते," रमाकांत म्हणाला.

"मंग बरं," म्हणून तिने बाजेवर कागदाशेजारी ठेवलेली शाईची डबी जवळ ओढली.

उकळलेली असते, हे खरंच होतं. सकाळी दवाखान्यातून निघताना उकळायची. लस टोचायला जाताना दोन सुया मिळत, एक मोडली तर दुसरी. लोक म्हशी कुंपणाला ओळीने बांधून ठेवत, तो एका टोकाला सुरुवात करी आणि दुसऱ्या टोकाला थांबे. दवाखान्यात सगळे असंच करत, त्यालाही असंच शिकवलं होतं. वैशाखात नरोलीत तासाभरात चाळीस म्हशी झाल्या म्हणून डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली होती.

ओळीत पहिली म्हैस कोंडाबाईची. साहेब, हिचं अंग तापलंय, आज राहू द्या, असं ती म्हणाली होती. तापल्या जनावराला टोचू नये, हा नियम त्याला पाठ होता. पण आकडा भरायचा होता.

कोंडाबाईनंतर तानूबाईच्या दोन. मग केसरबाईच्या दोन. मग सुमनची. त्याच सहा गेल्या. पुढच्यांपर्यंत सुईवरचं पहिलीचं रक्त पुसत गेलं असणार. केसरबाईची तिसरी नुकती व्यायलेली, म्हणून पार शेवटी बांधली होती. ती समोर रवंथ करत उभी होती.

आणि माश्या? तो आठवून बघू लागला. वैशाखातलं ऊन, डबकी आटलेली, कोंडाबाईच्या गोठ्यामागची जमीन तडकून गेलेली. त्या दिवशी एक गोमाशी दिसली नव्हती.

केसरबाईने अंगठा शाईत दाबला आणि कागदावर नेला. रमाकांतने तिचं मनगट धरलं. परक्या बाईचा हात धरलाय हे ध्यानात येऊन लगेच सोडलं.

"अंगठा देऊ नका."

"का? खोटं सांगितलं का तुम्ही?"

"माशीचं सगळं खरं आहे. पण तेव्हा माशी नव्हती, केसरबाई. सुई एकच होती."

तिचा चेहरा तांबडा होत गेला.

"आम्ही काय येगळं लिहिलं व्हतं अर्जात? तुम्ही टोचलं आन म्हशी मेल्या, एवढंच ना? तुम्ही आम्हाले अडाणी ठरवलं."

रमाकांतने कागद उचलून फाडला आणि डॉक्टरांना आजच सांगतो, लेखी देतो, असं काहीतरी पुटपुटला.

"डॉक्टरले मंग सांगा." शाईचा अंगठा तिने गोठ्याच्या खांबाला पुसला. "आधी कोंडाबाईकडे चला. सकाळी ज्यांच्या देखत बोलले, त्यांना बी बोलावते मी."

रमाकांतने चपला पायात सरकवल्या. तोवर केसरबाई पुढे निघाली होती आणि वाटेतल्या दारादारात थांबून बायांना बाहेर बोलावत होती.