ठमीला रडू द्यायचं नाही

ठमीला रडू द्यायचं नाही, हा आमच्या घरातला एकमेव कायदा. ठमी म्हणजे माझ्या भावाची मुलगी, सहा वर्षांची. तिच्या मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळ्या आपोआप बारीक होत चालल्या होत्या. लाखात एखाद्याला होणारा आजार, तो नेमका आमच्या वाट्याला! "हुंदक्यांनी श्वास जोरजोरात होतो, त्यानं नळ्या आणखी आवळतात," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. दोनदा रडता रडता तिचा उजवा हात थोडा वेळ लुळा पडला होता.

मग काय, भाऊ घोडा व्हायचा, मी पत्त्यांत हरायचे. वहिनीची तऱ्हा वेगळी. गुडघा फुटो नाहीतर ताप चढो, ती म्हणायची, "शहाणी मुलगी रडते का?" ठमी ओठ घट्ट मिटून मान हलवायची. मला ते बघवायचं नाही. पण बोलायची सोय नव्हती. वहिनीचा राग नाकाच्या शेंड्यावर.

ऑपरेशन झालं. कानावरची रक्तवाहिनी कवटीच्या आत नेऊन मेंदूवरच्या नळीला जोडली. "जोड छान झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण खरी काळजी आता. रक्तदाब उतरता कामा नये. आणि रडू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या खाटेवरच्या मुलानं सुई बघून भोकाड पसरलं. आमची ठमी डोक्याला पट्टी बांधून गप्प पडली होती. भावानं माकडाची नक्कल केली. ती हसली, पण एकाच बाजूनं.

"कंटाळलीय," भाऊ म्हणाला.

"किती गुणाची आहे माझी बाय," वहिनी म्हणाली.

दर तासाची तपासणी करायला सिस्टर आल्या. "ठमाबाई, माझी बोटं दाबा बघू." डाव्या हातानं दाबली. उजवा हात चादरीवरून हललाच नाही. सिस्टरनी घंटी दाबली.

"कधीपासून गं, राणी?"

"म... मघाशी. डोकं दुखतंय." जीभ जड झाली होती. मग तिनं वहिनीकडे पाहिलं. "आई, मी रडले नाही."

मला वहिनीचा असा संताप आला! रडू देऊ नका म्हटलं होतं. दुखतंय हेही सांगू देऊ नका, असं कुणी म्हटलं होतं?

डॉक्टरीणबाई धावत आल्या. खाट ओढता ओढताच त्यांनी विचारलं, "नेमका किती वेळ झाला? उपचार त्यावर ठरतात. लवकर सांगा."

आम्ही तिघंही तिच्या उशाशीच बसलो होतो. कुणालाच सांगता आलं नाही.