सात वेळा एंटर

त्या दूध संघाचं नाव सांगत नाही. शिरोली एमआयडीसीच्या अलीकडं आहे, एवढं पुरे. नाव घेतलं तर उद्या अध्यक्षांची माणसं दारात येतील, आणि आली की जेवल्याशिवाय हलायची नाहीत.

तिथं संगणक सांभाळायची अनुजा. कळंब्याहून रोज स्कूटीवर यायची, सात वर्षं येत होती, पण कागदावर तिची नोकरी कधी एका वर्षाच्या पुढं सरकली नाही. पोटनियमात लिहिलेलं, सलग तीन वर्षं भरली की माणूस कायम. मग संघानं सोपी युक्ती काढलेली, तीन भरूच द्यायची नाहीत. दर एकतीस मार्चला कंत्राटी माणसांना एक दिवस घरी बसवायचं, आकडा शून्य करायचा आणि दुसऱ्या दिवशी नवं पत्र हातात द्यायचं. ह्याला संघात 'खंड' म्हणत. अनुजाचे वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी ती कामावर हजर होती, कारण कंत्राटी माणसाला सुतकाची रजा नसते. ते दुखणं तिच्या मनातनं गेलेलं नव्हतं. तिला कायमची ऑर्डर हवी होती, बाकी काही नको होतं.

यंदाच्या खंडाच्या दिवशीही सकाळी सकाळी अधीक्षक शिवप्रसादांचा फोन आला. म्हणाले, आज तू नोकरीत नाहीस हे खरं, पण उद्याची फाईल तेवढी घरात बसून तयार करून ठेव. तिनं ठेवली.

फाईल तीन ओळींची. संघाची सगळी माहिती लांब कुठल्याशा कंपनीच्या संगणकांवर, म्हणजे क्लाउडवर ठेवलेली. अनुजा इथं बसून एका काळ्या खिडकीत फाईलचं नाव टाइप करायची, एंटर दाबायची, आणि तिन्ही हुकूम एका दमात तिकडं लागू व्हायचे. पहिल्या ओळीनं दीड लाख जनावरांचं वय एका वर्षानं वाढायचं, दुसरीनं कर्मचाऱ्यांची सेवा आणि तिसरीनं संचालकांची मुदत. पोटनियमही तिनंच आत बसवलेले. बारा वर्षं भरलेलं जनावर पेंडवाटपातून आपोआप बाद, तीन वर्षं भरलेला कर्मचारी आपोआप कायम, दहा वर्षं भरलेला संचालक आपोआप घरी, आणि ज्याचं त्याला मोबाइलवर कळवायचं. ह्या कामाबद्दल अध्यक्षांना मुंबईत पुरस्कार मिळालेला. अनुजाला त्या दिवशी डबल ड्युटी होती.

दरवर्षी एक एप्रिलला ती हे गुपचूप उरकायची. यंदा अध्यक्ष विजयसिंहांच्या कानावर गेलं आणि घात झाला. एवढं मोठं काम, अन् नारळ नाही, मुहूर्त नाही? दहा वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त निघाला. फ्लेक्स लागला. अध्यक्षांनी खिडकी बघितली आणि कपाळाला आठी घातली, शुभकार्याला काळं कशाला म्हणून. मग अनुजानं ती हळदीसारखी पिवळी करून दिली.

खिडकी पिवळी करता करता तिनं हात जोडून सांगितलं, "साहेब, एंटर एकदाच दाबायचं. एकदाच."

"अगं, आमी तीन शीतकेंद्रं उघडल्यात आणि एक स्मशानशेड," विजयसिंह म्हणाले. "एक बटन दाबता येतंय आमाला."

एवढ्यात कुणाच्या तरी ध्यानात आलं की साहेबांना ओवाळायला कुणी नाही. ऑफिसात बायका दोनच, अनुजा आणि झाडलोट करणारी शालूबाई. शिवप्रसादांनी दोघींना ताट करायला आत पिटाळलं. जिनं फाईल लिहिली, चालवली, सांभाळली, तिला नेमक्या वेळेला वाती वळायला बसवलं. ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. आत काडीपेटी सादळलेली. शालूबाईनं अकरा वर्षांच्या अनुभवानं दुसरी कुठनंतरी हुडकली, तोवर बाहेर टाळ्या झाल्या, परत झाल्या, आणि परत. अनुजाला वाटलं, भाषण चाललंय.

चाललं होतं वेगळंच. नंतर फोटोग्राफर ज्ञानूनं तिला सगळं सांगितलं. साहेबांनी एंटर दाबलं, काम झालं, पण ज्ञानूचा फ्लॅश पडला नाही, फोटो काळपट आला. तो म्हणाला, साहेब, परत एकदा. साहेबांनी नुसतंच एंटर दाबलं, तर पडद्यावर काही हलेना, आणि फोटोत पडदा हलायला पाहिजे. शिवप्रसादांना संगणकातली एकच विद्या येत होती, तीही अनुजानंच शिकवलेली. वरच्या बाणाचं बटण दाबलं की मघाची ओळ जशीच्या तशी परत येते. त्यांनी ती आणून दिली. मग एक फोटो उपाध्यक्षांबरोबर झाला, एक उशिरा आलेल्या वहिनीसाहेबांबरोबर, एक पेपरवाल्यांसाठी मान वर करून. एकात डोळे मिटले म्हणून परत, एकात हसू कमी पडलं म्हणून परत. दरवेळी बाण, दरवेळी एंटर, दरवेळी टाळ्या.

अनुजा पेटतं निरांजन घेऊन बाहेर आली आणि तिची नजर पडद्यावर गेली. 'काम पूर्ण' अशा सात ओळी खालोखाल. तिनं शिवप्रसादांच्या कानाशी जाऊन सांगितलं, घोळ झालाय, आत्ताच्या आत्ता उलटा फिरवू दे. ते म्हणाले, आधी ओवाळ. तिनं ओवाळलं.

पेढे वाटून होईस्तोवर जिल्हाभर मोबाइल वाजायला लागले. पाच वर्षांची म्हैस बाराची झाली होती आणि सहाची तेराची. 'आपले जनावर वयोवृद्ध झाल्याने पेंडवाटपातून कमी करण्यात आले आहे, संघ आपला आभारी आहे.' त्यातलं 'आभारी आहे' अध्यक्षांनी हौसेनं घालून घेतलेलं.

अनुजा दिवसभर मागं लागली. शिवप्रसाद म्हणाले, लेखी आदेशाशिवाय हात लावायचा नाही. आदेशात कारण लिहावं लागतं, आणि कारण म्हणून 'अध्यक्षांनी सात वेळा एंटर दाबले' असं लिहायला त्यांचा पेन उचलेना. संध्याकाळी एकटीच बसून ती किती नुकसान झालंय ते बघत होती. जनावरं खोटी, संचालक खोटे. विजयसिंहांची चारची मुदत अकरा झालेली. मग कर्मचाऱ्यांची यादी आली आणि तिथं तिचं नाव आलं. अनुजा, सेवा वर्षं सात.

ती बघतच राहिली. खंडानं शून्य केलेला आकडा सात एंटरांनी सातावर आणून ठेवलेला. अख्ख्या संघाच्या माहितीत त्या दिवशी एक आकडा खरा झाला होता आणि तो तिचा होता. बाजूच्या प्रिंटरवर तिची कायमची ऑर्डर पडली होती, खाली अध्यक्षांची डिजिटल सही. बाकी कंत्राटी माणसांच्या ऑर्डरी कागद संपल्यानं अडकल्या होत्या. तिला रडू आलं, आणि रागही आला, की खरं व्हायलासुद्धा चूकच व्हावी लागली. तिनं ऑर्डर घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली. नेली नाही.

तिसऱ्या दिवशी मुरगूडच्या तानाबाई आल्या. एकट्या नाही, छोट्या टेम्पोतनं म्हैस घेऊन. गेटवर रखवालदार म्हणाला, म्हातारी म्हैस इकडं कशाला आणली. तानाबाईंनी म्हशीचा जबडा उघडला आणि त्याला बोलावून दात दाखवले. सगळे दात जुळून अजून वरीस झालेलं नव्हतं, म्हणजे म्हैस तरणीच. रखवालदार शेतकऱ्याचाच पोरगा, त्यानं मुकाट्यानं गेट उघडलं.

वर अध्यक्षांच्या केबिनमध्ये त्याच वेळी अनुजा उभी होती. विजयसिंहांना स्वतःची मुदत संपल्याचं पत्र मिळालेलं, त्यामुळं त्यांना आता घाई झालेली. शिवप्रसादांनी तिच्या नावानं माफीनामा टाइप करून आणला होता. 'माझ्या हलगर्जीपणामुळे' अशी सुरुवात. सही केलीस तर यंदाचं अडवून ठेवलेलं नवं पत्र, नाहीतर घरचा रस्ता, असं त्यांनी शांतपणे समजावलं. आणि ती ऑर्डर पडलीय म्हणतात, ती फाडून टाक.

अनुजानं पेन घेतला नाही.

तेवढ्यात तानाबाई आत आल्या. कुणी बसा म्हणायच्या आत बसल्या, आणि माझ्या म्हशीला म्हातारी कुणी केली ते सांगा म्हणाल्या. शिवप्रसादांनी बोट अनुजाकडं केलं. तानाबाईंनी अनुजाकडं बघितलं, मग अध्यक्षांच्या पाठीमागच्या भिंतीकडं. भिंतीवर ज्ञानूचे सातही फोटो फ्रेम करून ओळीनं लावलेले होते. अध्यक्षांनीच हौसेनं लावून घेतलेले, काळपट आलेला आणि डोळे मिटलेलासुद्धा. सातही फोटोंत साहेबांचं बोट बटणावर, आणि पिवळ्या पडद्यावर दर फोटोत एक ओळ जास्त.

तानाबाईंनी बोटानं फोटो मोजले. मोठ्यांदा मोजले.

"एक, दोन... सात. माजी म्हस सात वरसानं म्हातारी झाली," त्या म्हणाल्या. "आणि बोट तर ह्या पोरीचं कुटंच दिसंना की."

विजयसिंहांनी मान वळवून भिंत बघितली. राजकारणात तीस वर्षं काढलेला गडी, त्याला पुढचं सगळं दिसलं असणार. विरोधक, पेपर, सर्वसाधारण सभा. त्यांनी माफीनामा चुरगळला आणि शिवप्रसादांना आदेश लिहून घ्यायला सांगितलं. त्यात कुणाचं नाव नको, कारण नको.

"लिवा," ते म्हणाले. "संगणकातले सगळे चुकीचे आकडे तपासून आजच्या आज बरोबर करावेत. द्या हिकडं, सही करतो."

अनुजानं आदेश दोनदा वाचला, नोंदवहीत लावला आणि खुर्चीत बसली. पिवळी खिडकी परत काळी केली. नवी फाईल, ओळी तीनच. पहिल्या ओळीत जनावरांच्या वयातनं सहा वर्षं कमी, कारण एक वाढणं बरोबरच होतं. दुसऱ्या ओळीत संचालकांच्या मुदतीतनं सहा कमी. मग तिचा हात थांबला. आदेश सगळ्या चुकीच्या आकड्यांचा होता, आणि कंत्राटी माणसांचे आकडे काय एक एप्रिललाच चुकले होते?

अंगठ्याच्या हजेरीचं मशीन बारा वर्षांपूर्वीचं, आणि त्याची नोंद तिच्याकडंच. तिसऱ्या ओळीत तिनं लिहिलं, प्रत्येक कर्मचाऱ्याची सेवा त्याच्या पहिल्या अंगठ्याच्या तारखेपासून धरावी. सगळ्या ओळी दोनदा तपासल्या आणि एंटर दाबलं. एकदाच.

तिचा सात सातच राहिला. खाली तानाबाईंची म्हैस सात वर्षांची होऊन टेम्पोत चढली. विजयसिंहांच्या मोबाइलवर मुदत शिल्लक असल्याचा मेसेज आला, तो वाचून ते समाधानानं जेवायला गेले. प्रिंटर बराच वेळ चालू होता.

दारात शालूबाई मोबाइल पुढं धरून उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. अनुजानं वाचून दाखवलं, सेवा अकरा वर्षं, आपणास संघाच्या सेवेत कायम करण्यात येत आहे.

शालूबाईनं पदरानं हात पुसले. "परत एकदा," ती म्हणाली.

अनुजानं परत एकदा वाचलं.