कडूबाईचा अंगठा

तलवाड्याच्या बाजारात त्या दिवशी बैलांची दावणही ओस पडली होती. सारा गाव कडुनिंबाखाली बसलेल्या काटेमहाराजांभोवती लोटला होता. हाताच्या सांध्यांत भूतबाधेचा काटा रुततो, त्यामुळे बोटे ठणकतात आणि तो काटा आपण मंत्राने उपटून काढतो, असे ते महाराज सांगत.

“ये माय, ये! हात दे, काटा घे! जुनी बाधा, ताजी बाधा, समदी इथं मोकळी!” भाजी विकणाऱ्याच्या सुरात ते ओरडत होते.

सुग्रीवची बायको कडूबाई पुढे झाली. म्हशींची धार काढता काढता तिच्या उजव्या अंगठ्याचे मूळ सुजले होते. पाण्याचा तांब्या उचलतानाही तिचे डोळे भरून येत. महाराजांनी तेथे काळसर अंगारा चोळला, बराच वेळ काही पुटपुटले आणि एकाएकी चिमटीत बाभळीचा लांब काटा वर धरला.

“रगत न्हाई, वळ न्हाई!” जमाव हरखला.

“दुखतंय का माय?”

“न्हाई वो महाराज! लई हलकं वाटतंय!” कडूबाईने त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

महाराजांनी अंगठ्याच्या बुडाशी काळा दोरा करकचून आवळला. “अमावास्येपातुर गाठ सोडू नको, हा अंगारा रोज चोळ. सोडलीस तर म्हशी आटतील.”

मी गावचा वैद्य. ही बाई त्याआधी माझ्याकडे येऊन गेली होती. आमच्या भागात बायका अंगठा मुडपून, त्या मुडपलेल्या सांध्याने सड दाबून धार काढतात. आई लेकीला तसेच शिकवते. वर्षानुवर्षांच्या त्या भाराने सांध्यातील स्निग्धता आटते, आणि उतारवयात तर अधिकच. म्हणून मी तिला सांगितले होते, “अंगठ्याला बांबूच्या कामटीचा सैलसर आधार बांध, निरगुडीच्या पाल्याचा शेक घे, थोडा विसावा दे आणि यापुढे पूर्ण मुठीने धार काढ.”

“मुठीनं काढली तर माझी सून बी हासंल, शास्त्रीबुवा,” ती म्हणाली होती. “आन् इसावा घे म्हनायला म्हशी कुठं ऐकत्यात?”

अमावास्या सरली आणि सुग्रीव तिला घेऊन माझ्या ओसरीवर आला. दोरा मांसात रुतला होता. अंगठा काळा ठिक्कर पडला होता.

“माय, इतके होईपर्यंत आली का नाहीस?”

“दुखतच नव्हतं,” ती हळूच म्हणाली. “दुखत न्हाई म्हनून रोज महाराजाला हात जोडत व्हते.”

दोरा कापून मी त्याला चिकटलेल्या अंगाऱ्याचा कण ओठाला लावला. ओठाला मुंग्या आल्या, मग तो बधिर झाला. अंगाऱ्यात बचनाग होता. आमच्या ग्रंथांतले वत्सनाभ विष. त्याने आधी कातडी बधिर केली. पुढे आवळलेल्या दोऱ्याने रक्त अडले आणि अंगठाच निर्जीव होत गेला.

महाराज अजून बाजारात होते. कडूबाईला सुनेबरोबर बीडच्या इस्पितळात धाडून मी सुग्रीवसह तिथे गेलो आणि त्यांच्यापुढे हात धरला. “माझ्याही अंगठ्यातला काटा काढा. फक्त आधी हात धुवा आणि बोटे फाकवून दाखवा.”

“मंतर पान्यानं इटाळतो, बुवा!”

“देवाच्या मंतराला पान्याचं भ्या कवापासून रं?” सुग्रीवने त्यांचे मनगट धरून बोटे उलगडली. दोन बोटांच्या बेचक्यात, मेणाने चिकटवलेला, बाभळीचा काटा होता.

पुढे उभ्या असलेल्या बायका आपापल्या हातांचे दोरे सोडू लागल्या.

बीडच्या डॉक्टरांनी कडूबाईचे प्राण वाचवले, अंगठा गेला. आता ती गोठ्यात बसून सुनेच्या हातांकडे पाहत राहते. “अंगठा मुडपू नको गं,” एवढेच म्हणते.

परमेश्वराने देहाला वेदना दिली ती राखण करण्यासाठी. त्या वेदनेचे तोंड दाबणाऱ्याला देव मानू नका. हात दुखला तर तो दिवसभर काय करतो ते आधी पाहा, आणि जाणत्याला विचारा.

सून पूर्ण मुठीने धार काढते. तिला कोणी हसत नाही.