सावली शिवणारी

ताईच्या लग्नात माझ्या तोंडून जे निघालं, त्यावर तांड्यातल्या बायका अजून पदराआड हसतात. हसू देत. त्यांनी तो पिक्चर पाहिलेला नाही.

पिक्चर कुठल्या देशातला होता देव जाणे. वारंगा फाट्यावर मुन्नाचं मोबाइलचं दुकान आहे. त्यानं तो हिंदीत बोलणारा पिक्चर ताईच्या फोनमध्ये टाकून दिला, भुताचा आहे म्हणून. भुताचा नव्हता. जळलेल्या जंगलात एक मुलगी आणि तिचा लहान भाऊ राहत असतात. भाऊ आजारी पडतो, काही केल्या डोळे उघडत नाही. तेव्हा ती मुलगी एका कोरड्या विहिरीत उतरते. तळाला बिनडोळ्यांची एक बाई सावल्या शिवत बसलेली असते. ती म्हणते, भाऊ उठेल, पण तुझी ही लहान सावली मला कापून दे आणि ही मोठी अंगाला लावून घे. मुलगी हो म्हणते. बाई टाके घालत जाते आणि मुलगी ओठ चावून उभी राहते. ती वर येते तेव्हा भाऊ अंगणात खेळत असतो. तिला बघतो आणि किंचाळून दाराआड लपतो, कारण समोर कुणीतरी मोठी बाई उभी असते.

इथं मी फोन बंद करायचे. दर वेळी.

दुपारी दाराला गोधडी लावून, अंधार करून आम्ही दोघी तो पिक्चर बघायचो. घरात आम्ही गोरमाटी बोलतो, पण तुमच्यासाठी मराठीत सांगते.

"पुढचं बघू तरी दे," ताई म्हणायची.

"न्हाई. गाढव हाय तो पोरगा. सख्खी बहीण वळखू येत न्हाई?"

"लहान हाय गं तो."

"मी वळखलं असतं तुला. कशात बी."

ताई हसायची. "ती बाई सावली शिवत न्हाई, दिपा. वय शिवती."

असलं बोलणं मला मुळीच आवडायचं नाही. पिक्चरचा शेवट तिनं एकटीनं पाहिला होता. मला कधी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

मला वाढवलं ते ताईनं, म्हणजे संगितानं. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे. ताई स्वतःच तेव्हा एवढीशी, आणि तिच्या कडेवर मी. बोलायला लागले तेव्हा मी तिलाच याडी म्हणायचे. याडी म्हणजे आई. तांड्यानं चिडवून चिडवून माझी ती सवय मोडली. पुढं आईबापांनी ऊसतोड सोडली, घरीच हळद लावू लागले. पण तोवर माझं वाढून झालं होतं. आईशी माझं कधी भांडण नव्हतं. ज्या माणसाशी भांडता येत नाही ते माणूस घरात असून पाहुण्यासारखंच राहतं.

मग ताईचं लग्न ठरलं. प्रेमदास नावाचा मुलगा, सिद्धेश्वर धरणाकडच्या तांड्यातला. मुलगा चांगला होता, हेच वाईट. नावं ठेवायला जागाच नव्हती.

"सिद्धेश्वर काय लांब हाय का?" ताई म्हणाली.

विहिरीचा तळ तरी कुठं लांब असतो, असं माझ्या मनात आलं.

आमच्यात नवरीला रडणं शिकावं लागतं. नुसते डोळे पुसून भागत नाही. एकेकाच्या गळ्यात पडून, त्याच्या त्याच्या नात्याला धरून गाऊन रडायचं. त्याला ढावलो म्हणतात. आईचा ढावलो निराळा, बापाचा निराळा, काकूचा निराळा. आजकाल डीजेच्या दणक्यात बऱ्याच मुली दोन हुंदके देतात आणि जीपमध्ये बसतात. पण गोजरबाई आहे तोवर आमच्या तांड्यात ते चालायचं नाही. म्हातारी ताईच्या फेटियाला, म्हणजे घागऱ्याला, आरसे शिवत बसायची आणि शिवता शिवता ढावलो शिकवायची. मी सुईत दोरा ओवून देत होते.

ताईचा सूर लागायचा, पाणी मात्र येत नव्हतं.

"काहून गं? डोळे कोरडेच तुझे," गोजरबाई म्हणाली.

"न्हाई येत, काकी."

येणार कसं? कडेवर रडकं लेकरू असलं की आपल्याला रडता येत नाही. ती सवय तिच्या अंगात मुरली होती.

मला एकच पाहिजे होतं. ताईनं जाताना माझ्या नावानंही रडावं, पोटभर. "काकी, धाकट्या बहिणीचा ढावलो असतो का?" मी विचारलं.

"असतो की. बारका असतो, दोन ओळींचा."

दोन ओळी. एवढं मोठं लहानपण आणि त्याला दोन ओळी. मी सुई ठेवली आणि उठून गेले. पण आईचा ढावलो तेवढा ऐकून ऐकून पाठ झाला होता.

लग्नाच्या दिवशी बायकांनी ताईला सजवून बाहेर आणलं. आरशांचा फेटिया, गालांवर चांदीची घुगरी लोंबत होती, ओढणी पार हनुवटीपर्यंत. तोंड दिसत नव्हतं. प्रत्येक पावलाला अंगणभर कवडसे नाचत होते. ती एकेकाच्या गळ्यात पडत गेली. बापाच्या, काकूच्या, आईच्या. सूर बरोबर, शब्द बरोबर, डोळे कोरडे. मग ती माझ्याकडे वळली आणि तिनं हात पसरले.

मी मागं सरले. दाराच्या चौकटीआड गेले. कशातही ओळखणार होते ती मी. समोर कोण उभं आहे तेच मला कळेना.

तिचे हात तसेच राहिले. ओढणीच्या आतून तिचा नेहमीचा आवाज आला, मला एकटीलाच ऐकू येईल एवढा.

"दिपा, फोन बंद करू नको."

मी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडले. बहिणीनं काय म्हणायचं ते मला ठाऊकच नव्हतं. जे पाठ होतं तेच सूर लावून बाहेर पडलं.

"याडी, कडेवरून उतरवलंस मला. आता कुणाच्या दारात ठेवून चाललीस, याडी."

नवरीनं आईसाठी गायचा ढावलो, आणि तो मी गात होते, कुठंही न जाणारी. तोही बहिणीच्या गळ्यात पडून, सख्खी आई समोर उभी असताना. कुणीतरी फिसकन हसलं. "अगं, ती ताई हाय तुझी," कुणी म्हणालं. पण ताईचा बांध फुटला. ती अशी रडली की गोजरबाईला तिला धरावं लागलं. मी तिच्या खांद्यावरून आईकडे पाहिलं. आई खाली मान घालून हातातलं कुंकवाचं ताट नीट करत होती. ताट नीटच होतं.

जीप गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर खायला उठलं. ताई फोन माझ्यासाठी ठेवून गेली होती. मी दाराला गोधडी लावली आणि पिक्चर लावला. तेवढ्यात आई आत आली. कालचं बोलेल असं वाटलं.

"काय पाहून राहिली?"

"पिक्चर."

"राहू दे. मी बी पाहते," म्हणाली आणि शेजारी बसली.

भाऊ दाराआड लपला. माझा अंगठा सवयीनं पुढं गेला. मी तो मागं घेतला.

ती मोठी झालेली मुलगी भावाला हाक मारत नाही. मी तुझी बहीण आहे, असंही सांगत नाही. चुलीवर एक भाकर भाजते आणि उंबऱ्यावर ठेवते. मग अंगणात जाते आणि त्याच्याकडे पाठ करून बसते. भाऊ दाराआडून तिच्या पाठीकडे बघत राहतो. तिथं पिक्चर संपतो.

"बराबर हाय," आई म्हणाली.

"काय बराबर?"

"पाठ करूनच बसावं लागतं. तोंड दाखवलं की लेकरू जास्त भितं." ती फोनकडे बघूनच बोलत होती. "उसाहून आले की तू संगिताच्या मागं लपायचीस. मंग मी अंगणात पाठ करून बसायची, तांदूळ निवडत. निवडलेलेच पुन्हा निवडायची."

"मंग?"

"मंग कवातरी तू यायचीस. मागून. पाठीला हात लावायचीस आन पळायचीस."

"याडी म्हणायची मी तुला?"

"संगिताला म्हणायचीस. काल म्हणलीस तसं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच मला सोसवेना. "बराबर म्हणलीस. तिनंच वाढवलं तुला."

ती उठली, गोधडी काढली, तांदळाचं सूप घेतलं आणि उजेडाला उंबऱ्यापाशी जाऊन बसली. माझ्याकडे पाठ करून. मुद्दाम नाही, उजेड तिकडं होता म्हणून. मी आत बसून त्या पाठीकडे बघत राहिले. मानेखाली झंपर विटलेला, उजवा खांदा जरासा वाकलेला. ही पाठ मला ठाऊक होती. आईचा चेहरा आठवतो त्याच्याही आधीपासून ठाऊक होती. आणि इतकी वर्षं ती हातभर अंतरावर असून मला तिची केवढी ओढ होती, ते आता कळत होतं.

मी हळूच उठले. मागून जाऊन तिच्या पाठीवर तळवा टेकवला. पळाले नाही.

सुपातले तिचे हात थांबले. ती वळली नाही.

"याडी," मी म्हणाले. सूर न लावता, साधंच.

"हं," ती म्हणाली, आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडू लागली.