कवटीच्या पतंगाची पुसलेली पाठ

माझी पणजी निरगुडीवर वाढली, आजी बांधावरच्या धोतऱ्यावर आणि आई परसातल्या वांग्यावर. मी साखरा गावच्या तिळावरची. मित्रांनो, मी एक जुनी, एके काळी सुईवर टोचलेली मादी पतंग आहे. नीट बसा आणि ऐका. माझे घराणे लहानसहान नव्हे.

ससाणा-पतंगांच्या मोठ्या कुलातल्या आमच्या प्रजातीचे नाव अकेरोन्शिया. साऱ्या जगात तिच्या तीनच जाती. तिघींची सोंड आखूड आणि जाड, पोळ्याचे मेण फोडणारी. मिशा टोकाशी आकड्यासारख्या वळलेल्या. डिवचले तर आम्ही सोंडेतून चीत्कारतो. आणि पाठीवर, पंखांच्या मधोमध, कवटीसारखे पिवळट तोंड. बहिणींतला भेद मागच्या पंखांवर पाहावा. एकीच्या पंखांचे मूळ काळे असते. माझे पंख मुळापासून पिवळे, त्यांवर दोन काळे पट्टे.

सन १९९६च्या श्रावणात मी बोटाएवढी हिरवी अळी होते. सुमनबाई आपल्या तिळावरच्या अळ्या वेचून पायाखाली चिरडत होत्या. त्यांची नात पुनम हिंगोलीला महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकत होती. परीक्षेसाठी तिला कीटकांची पेटी करायची होती, म्हणून तिने मला मागून घेतले. मडक्यात ठेवून ती मला रोज तिळाचा ताजा पाला घाली आणि मी तो अधाशासारखा खाई. मातीत कोष केला, पतंग होऊन निघाले, आणि पंख वाळताच मारायच्या औषधाच्या बरणीत गेले. पुनमने कवटीला धक्का न लावता सुई टोचली आणि खाली प्रजातीच्या नावाची चिठ्ठी लावली. त्या पेटीत माझ्याइतके मानाचे कोणी नव्हते.

तेव्हा पुनमचे आजोबा माणिकराव आजारी होते. त्यांच्या खाटेजवळ पेटी उघडी दिसली आणि सुमनबाई थबकल्या.

"पुने, हे काहून आणलंस घरात? तुझा आजा खाटंवर, अन् तू मरणाचं तोंड खिळून ठेवून राहिली?"

खाटेवरून माणिकराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे वं. मला न्यायला मोटार न्हाई, पाखरू तरी येऊ दे."

"तुमी गप पडा."

"आजी, ते तोंड न्हाई," पुनम समजावू लागली. "पंखावर असती तशी भुकटी हाय नुसती."

"भुकटी हाय व्हय? मंग पुसली तर काय बिघडलं?"

पुनमचा हात पोहोचण्याआधी सुमनबाईंनी ओला अंगठा माझ्या पाठीवरून फिरवला. कवटी त्यांच्या अंगठ्याला लागून गेली.

संक्रांतीच्या आधी माणिकराव वारले. त्या वर्षी त्या घरात तीळ भाजला गेला नाही.

उन्हाळ्यात महाविद्यालयात परीक्षक आले. "पाठीवरची खूण कुठे आहे?" त्यांनी विचारले. पुनमने सोंड दाखवली, मिशा दाखवल्या, पट्टे दाखवले. ते म्हणाले, "ससाणा-पतंगांचे कुल मान्य. प्रजाती मान्य नाही." त्यांनी माझ्या नावाची चिठ्ठी काढून घेतली. तीन पिढ्यांची लेक मी, केवळ कुळापुरती उरले.

पुनमचे लग्न होऊन ती कनेरगाव नाका या गावी सासरी गेली. पेटी माळ्यावर चढली. डांबराच्या गोळ्या विरल्या, नव्या कोणी घातल्या नाहीत. मग बारीक किडे आले. त्यांनी आधी मिशा खाल्ल्या, नंतर पोट. खाणाऱ्यांनी माझे नाव विचारले नाही.

मित्रांनो, पाखराच्या पाठीवरचे चित्र खवल्यांचे असते. त्याला बोट लावू नका. गेलेला खवला पुन्हा उगवत नाही, आणि पुसलेल्या चित्रामुळे कोणाचे मरणही टळत नाही.

सन २००५च्या पेरणीच्या दिवसांत सुमनबाईंनी माळा झाडला. पेटीत सुई होती आणि चिमूटभर भुकटी. सुई त्यांनी बाजूला काढली. मग भुकटी पदरात घेऊन शेतात गेल्या, ती नांगराच्या तासात सोडली आणि वरून तीळ पेरला.

ज्या तिळाचा पाला खाऊन मी वाढले, त्याच्या मुळाशी मी अंगाच्या शेवटच्या कणासह पोहोचले. आता माझ्याकडे त्याचे कसलेही देणे बाकी नाही.