वाजवून पाहिलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. औषध खात्याच्या कचेरीत, रद्दीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांशेजारी माझा मुक्काम असतो. माझे झाकण एका बाजूने उचकटलेले आहे. ते कसे उचकटले, तेच आज सांगते.

सुतार मला घडवत होता, तेव्हा त्याच्या बायकोने विचारले, "हिच्यात काय ठेवणार?"

"लोकांच्या हरकती," तो म्हणाला. "सरकारने नियम केला आणि तो कुणाला पटला नाही, तर चिठ्ठी लिहून हिच्यात टाकायची."

"मग एवढीशी कशाला केलीत?" ती म्हणाली.

मला कचेरीच्या व्हरांड्यात, सूचनाफलकाच्या खाली ठोकले. त्या काळी नियम लहान असो वा मोठा, तो नऊ टेबलांवरून फिरायचा. एकदा कचेरीची जागा बदलली. नियमांच्या पुस्तकातला पत्ता बदलायला एकोणीस महिने लागले. तोवर लोक जुन्या जागी जात. तिथे दातांचा डॉक्टर राहायला आला होता. तो बिचारा आलेल्या प्रत्येकाला आधी तोंड उघडायला सांगे.

मग मोठ्या बाई साहेब म्हणून आल्या. त्या म्हणाल्या, "ज्या बदलावर कुणाचं भांडणच नाही, त्याला नऊ टेबलं कशाला?" त्यांनी छोटी वाट काढली. साधा नियम तीस दिवस फलकावर लावायचा. कुणी हरकत घेतली नाही, तर एकतिसाव्या दिवसापासून तो लागू. एक जरी खरी हरकत आली, तरी नियम मागे घ्यायचा आणि लांबच्या वाटेने न्यायचा. हे सांगताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सगळी भिस्त हिच्यावर आहे बरं का. शेवटच्या दिवशी हिला उघडायचं, आत बघायचं, मगच कागद छापखान्यात."

ते माझे सुखाचे दिवस होते. मला दर महिन्याला तेलपाणी होई. कामे भराभर मार्गी लागत. परवान्याचा नवा नमुना आला, औषधाच्या चमच्याचे माप ठरले, खोक्यांवरचा मजकूर सुधारला. असे वीस नियम झाले आणि वीस वेळा मी रिकामी निघाले.

मोठ्या बाईंची बदली झाली आणि माझ्याकडे लक्ष द्यायला कुणी उरले नाही. शिपाईकाका आधी मला किल्लीने उघडत. पुढे किल्ली खिळ्यावरच राहू लागली. ते येत, बोटांच्या पेरांनी माझ्यावर टकटक करत, आणि दारातूनच ओरडत, "रिकामी!" आत टायपिस्ट बाईंनी सकाळीच कागद तयार ठेवलेला असे. "पेटी समक्ष उघडली. हरकत नाही." फक्त तारीख आणि बाईंची सही बाकी असायची. असे आणखी सतरा नियम गेले.

मग अडतिसावा नियम फलकावर लागला.

अंगाला लावायची विषारी औषधे तेव्हा वेगळ्या बाटलीत मिळत. त्या बाटलीच्या अंगावर काचेच्या उभ्या, उंच रेघा असत. हाताला खरखरीत लागत. नव्या नियमात लिहिले होते की या रेघा काढाव्यात आणि सगळ्या बाटल्या गुळगुळीत कराव्यात. धुवायला सोप्या, चिठ्ठी नीट चिकटते. चिठ्ठीवर लाल अक्षरात 'पोटात घेऊ नये' असे लिहिलेले असतेच. यात भांडण कसले, असे सगळ्यांना वाटले. मलाही वाटले.

अठ्ठाविसाव्या दिवशी दोन बायका व्हरांड्यात आल्या. एक सासू, एक सून. सासूच्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. तिने माझ्या तोंडाभोवती चारी बोटे फिरवली.

"हीच ना गं?"

"हीच, आई. टाका आता."

"टाकते. पण वाचतील ना?"

"त्यासाठीच तर ठेवली आहे."

"तू गिरणीत गेलीस की पोराचं खोकल्याचं औषध मीच देते. माझ्या गुडघ्याची बाटली त्याच फळीवर. रेघा आहेत म्हणून तर कळतं मला." तिने चिठ्ठीची घडी चाचपली. "औषधं वेगवेगळ्या फळीवर ठेवते म्हटलं, तर तुझा नवरा घरात आवराआवर करतो. कशाचा भरवसा नाही."

सून हसली. तिने नाव-पत्त्यासह लिहून दिलेली चिठ्ठी आत पडली. एकच कागद होता, तोही पातळ. तो माझ्या मागच्या फळीला चिकटून उभा राहिला.

मित्रांनो, त्यानंतरचे दोन दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. मला तोंड होते, पण ते नुसते घेण्यासाठी. बोलण्यासाठी नव्हते.

तिसावा दिवस उजाडला. चार वाजता छापखान्याचा माणूस पिशवी घेऊन बाकावर बसला. पाचला त्याला निघायचे होते. शिपाईकाका आले. टक, टक. एका पातळ कागदाने लाकडाचा आवाज कुठे बदलतो?

"रिकामी!"

हेडक्लार्क भाऊसाहेबांनी आतून सांगितले, "बाई, तारीख घाला, सही करा आणि कागद आणा."

टायपिस्ट बाई कागद घेऊन व्हरांड्यातून निघाल्या आणि माझ्यासमोर थबकल्या. माझ्या अंगावर महिनोन्‌महिन्यांची धूळ होती. त्या धुळीत, तोंडाभोवती, चार बोटांच्या स्वच्छ रेघा उमटल्या होत्या.

"काका, पेटीला हात कुणी लावला?"

"मीच की. वाजवली ना आत्ता."

"वाजवलीत तुम्ही वरून. ही बोटं तोंडाभोवती आहेत. उघडून पाहिलीत का?"

"सदतीस वेळा रिकामी निघाली, बाई. आवाजावरून कळतं मला."

"पेटी आहे ती काका, कलिंगड नाही."

किल्ली आणली. ती कुलपात फिरेना. सगळा गंज. साडेचार वाजले. काकांनी तेल सोडले, फुंकर मारली, कुलपाची समजूत काढली. पावणेपाच झाले. छापखान्याचा माणूस उठून उभा राहिला.

भाऊसाहेब बाहेर आले. "काय चाललंय? कागद कुठे आहे?"

"उघडून पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या.

"आजवर केलीत की."

बाईंची मान खाली गेली. "केली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सतरा वेळा न पाहता केली. कुलूप तोडू या."

"सरकारी पेटी आहे. तोडायला परवानगी लागते. नऊ टेबलं आहेत, ठाऊक आहे ना?"

बाई आत गेल्या. मला वाटले, झाले, हरल्या. पण त्या फायली शिवायचा जाड दाभण घेऊन परतल्या. तो त्यांनी माझ्या बिजागरीखाली घातला आणि जोर दिला. माझी फळी चिरली. मित्रांनो, दुखले, खोटे कशाला बोलू? पण मी मनात म्हणत होते, आणखी जोर लाव गं बाई, आणखी.

झाकण उचकटले. त्यांनी हात घातला, तळ चाचपला. काहीच नाही.

"बघा," भाऊसाहेब म्हणाले. "पाचला चार मिनिटं आहेत."

बाईंनी हात काढला नाही. तळावरून कडेला, कडेवरून मागच्या फळीवर बोटे नेली. आणि कागद हाती आला.

त्यांनी तो मोठ्याने वाचला. "मला दिसत नाही. मी बाटली हाताने ओळखते. रेघा काढल्या तर मी नातवाला काय पाजेन, ते मला कळणार नाही. कृपा करून थांबावे."

मग शिपाईकाका खांद्यावरचा रुमाल काढून तोंड पुसत म्हणाले, "आमच्या घरी पण दोन्ही एकाच फळीवर असतात. आणि म्हातारी अंधारात दिवा लावत नाही."

भाऊसाहेबांनी बाईंच्या हातातला तयार कागद घेतला, फाडला आणि खिशात टाकला. "लिहा," ते म्हणाले. "एक हरकत आली. नियम मागे."

तो नियम मग लांबच्या वाटेने गेला. सासूबाईंना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकले गेले. अकरा महिने लागले, पण रेघा राहिल्या. म्हणणे सांगून परतताना सासूबाई व्हरांड्यात माझ्यापाशी थांबल्या. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि वाकड्या झाकणापाशी तो अडला.

"हे असं नव्हतं गं."

"तुमची चिठ्ठी काढताना तोडलं म्हणे," सून म्हणाली.

त्या बराच वेळ तिथेच बोट ठेवून उभ्या राहिल्या. "लागलं असेल हिला," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, छोटी वाट वाईट नाही. साध्या कामासाठी माणसांना दोन-दोन वर्षे ताटकळत ठेवण्यात काय शहाणपण आहे? पण त्या वाटेवर 'थांबा' म्हणायची एकच जागा असते. ती जागा वरून वाजवून सोडून देऊ नका. कितीही वेळा रिकामी निघाली, तरी उघडून बघा.

व्हरांड्यात आता काचेची नवी पेटी आहे. रद्दीच्या खोलीच्या खिडकीतून ती मला दिसते. टायपिस्ट बाईंचे केस पिकले आहेत. तिसाव्या दिवशी त्या स्वतः येतात. आत काही नाही, हे त्यांना बाहेरूनच दिसते. तरी त्या पेटी उघडतात आणि चारी कोपऱ्यांतून सावकाश बोटे फिरवतात, अगदी त्या सासूबाईंसारखी.